काजळीवर ओढलेली चार वर्षं

मी कायमोग्राफ बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं असेल तर तुम्ही मला पाहिलं असेल, आणि परीक्षा संपल्यावर विसरलाही असाल. पितळेचा एक उभा दंडगोल, वीतभर उंच. खाली लोखंडी पेटी, तिच्यात मोटर आणि दातेरी चाकं. माझ्याभोवती गुळगुळीत पांढरा कागद गुंडाळतात आणि तो घासलेटच्या धुरावर धरून काळा करतात. मग मी सावकाश फिरत राहतो. समोर एक हलकी आडवी काडी असते. तिचं एक टोक माझ्या काजळीला टेकलेलं, दुसऱ्या टोकाला दोरा, आणि दोऱ्याला बांधलेला स्नायूचा तुकडा. स्नायू आकसला की काडी हलते, काजळी खरवडली जाते आणि पांढरी रेघ उमटते.

एवढंच माझं काम. रेघ कशामुळे उमटली हे मला कळत नाही. ओढ जाणवते, ती मी लिहितो.

माझा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला, एकोणीसशे एक्याऐंशीचा. पत्र्याच्या शेडमधलं लहानसं वर्कशॉप होतं. तानाजी नावाच्या टर्नरने मला लेथवर कातलं. मी डगमगता कामा नये म्हणून त्याने तीन वेळा उतरवलं आणि तीन वेळा चढवलं. शेवटी कंटाळून त्याने मालकाला विचारलं, "शेठ, हे करतं तरी काय?"

"बेडकाच्या पायाची सही घेतं," मालक म्हणाले.

"बेडूक सही करतो, आणि मी अजून मस्टरवर अंगठा लावतो," तानाजी म्हणाला. शेडमधले सगळे हसले. माणसांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

तिथून मी ठाण्यातल्याच एका कॉलेजात आलो. दुसऱ्या मजल्यावर प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा होती आणि तिच्या खिडक्या खाडीकडे होत्या. खारा वारा आत यायचा आणि माझ्या पितळेवर हिरवे डाग पडायचे. सुरुवातीची काही वर्षं मुलांची प्रात्यक्षिकं झाली. वर्षातून वीस-पंचवीस दिवस काम, बाकीचे दिवस माझ्या अंगावर कापडी खोळ.

प्रयोगशाळेचा शिपाई भिवाजी. कोलशेतचा कोळी. त्याचा बाप, आजा खाडीत मासे मारायचे. कारखान्यांचं पाणी खाडीत उतरू लागलं तशी मासळी ओसरली आणि भिवाजीने होडी भावाच्या स्वाधीन करून कॉलेजची नोकरी धरली. पण हात जाळं विणणाऱ्याचेच राहिले. माझ्यावरचा कागद काळा करावा तर त्यानेच. कुठे जाड नाही, कुठे विरळ नाही, कागद करपलेला नाही. मुलांनी केला तर माझ्या अंगाला चटके बसायचे.

भिवाजीला तंबाखूचं व्यसन होतं. पण प्रयोगशाळेत तंबाखू खायची नाही हा नियम त्याने कधी मोडला नाही. तो बाहेर व्हरांड्यात जायचा, डाव्या तळहातावर तंबाखू घ्यायचा, डबीतला चुना नखाने लावायचा, अंगठ्याने मळायचा, ओठात धरायचा. मग दोन टाळ्या वाजवून हात झाडायचा आणि आत यायचा. नाजूक काम असलं की आधी हमखास. म्हणायचा, "हात थिर होतो."

चौऱ्याऐंशी साली माझ्या आयुष्यात मंदाकिनी टिपणीस आल्या. तशा त्या आधीपासून तिथे शिकवत होत्या. पण त्या वर्षी त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं आणि माझी खोळ रोज निघू लागली. वय चौतीस. राहायला डोंबिवलीला. नवरा हरिहर, विमा कंपनीत. बाई बोलायला हळू, पावलं टाकायला हळू, आणि एखादी गोष्ट मनात धरली की ती सोडायला त्याहून हळू.

त्यांचा विषय झुरळं. पहिल्या दिवशी त्यांनी झुरळाच्या आतड्याचा नखाएवढा तुकडा माझ्यासमोर आणला तेव्हा भिवाजीला राहवलं नाही.

"बाय, आमच्या गावान झुरलाला चप्पल हानतात. तुमी त्याला दोरा बांधून नाचवतंय."

"नाचत नाही भिवाजी, आकसतं. शरीराबाहेर काढलं तरी योग्य पाण्यात ठेवलं की आतडं काही तास आकसत राहतं."

"आनि मंग?"

मग बाईंनी त्याला सगळं सांगितलं. मला वाटतं, आपला विषय न शिकलेल्या माणसाला सांगताना त्यांचा चेहरा जसा खुलायचा तसा वर्गात कधी खुलला नाही. आपल्याला एकदा गोवर झाला की शरीर तो आजार ओळखून ठेवतं. किड्यांना ते जमत नाही. मग ते जंतूंशी लढतात कसे? तर त्यांच्या रक्तातल्या पेशी जंतूला घेरतात, त्याच्याभोवती वेढा घालतात, त्याला काळं करून मारतात. रक्तात काही द्रव्यं सुटतात, तीही जंतूंना मारतात. हे सगळं चालू असताना किड्याच्या स्नायूंचं काय होतं? आकसायला स्नायूला कॅल्शियम लागतं. ते तो थोडं बाहेरच्या पाण्यातून घेतो, थोडं आतल्या साठ्यातून. आजारपणात हा कारभार बदलतो का? बाईंना एवढंच शोधायचं होतं.

"म्हंजी आजारी मानसाला ताकद कुठून येतंय, तं," भिवाजी म्हणाला.

"तसंच म्हणा," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

सगळं जमत होतं, एक गाठ तेवढी जमत नव्हती. आतडं केसासारख्या बारीक दोऱ्याने काडीला बांधायचं. फार घट्ट झालं तर तुटतं, सैल झालं तर निसटतं. बाईंना एका गाठीला पाच पाच मिनिटं लागायची. भिवाजी मागे उभा राहून बघायचा.

"ही गाठ हाय का रांगोली, बाय?"

"तुम्ही बांधून दाखवा."

त्याने दाखवली. दोरा अंगठ्याशी धरला, एक वेढा, एक झटका, झालं. मला इतकी स्वच्छ ओढ तोवर कुणी दिली नव्हती. तरी बाई हट्टाने स्वतःच शिकल्या. सहा महिन्यांत त्यांची गाठही बरी बसू लागली.

शहाऐंशी साली बाईंना मुलगी झाली. रजा संपवून त्या परत आल्या तेव्हा खरं काम सुरू होणार होतं. काही झुरळांना जंतू टोचायचे आणि दोन दिवसांनी त्यांची आतडी तपासायची. काहींना नुसतं खारं पाणी टोचायचं, काहींना काहीच नाही. तुलना करायची तर हे हवंच. जंतू टोचलेल्यांच्या बरण्यांना लाल झाकणं, बाकीच्यांना पांढरी.

पहिली लाल बरणी बाईंनी उघडायला घेतली, तोच भिवाजी पुढे झाला आणि बरणीवर हात ठेवला.

"हिला तुमी नको हात लावू."

"अहो, हे जंतू माणसाला काही करत नाहीत."

"जंतू काय सांगून येतंय? घरान तान्ही पोर हाय तुमची."

"भिवाजी, मी हात धुते ना नंतर."

त्याने बरणीवरचा हात काढला नाही. मग म्हणाला, "माजी शेवंती नऊ म्हयन्यांची होती. दोन दिस ताप. तिसऱ्या दिशी नाय. डॉक्टर बोलला, जंतू. कुठून आला ते त्याला पन ठाव नाय."

बाईंनी बरणीवरचा हात काढून घेतला. त्या दिवसापासून कामाची वाटणी ठरली. लाल झाकणं भिवाजीची, पांढरी बाईंची. टोचायचं बाईंनी, कारण जंतूंचं माप त्यांनाच कळायचं, पण लाल बरणीतलं झुरळ उचलायचं, त्याचं आतडं काढायचं, दोरा बांधायचा आणि काचेच्या नळकांड्यात सोडायचं, हे सगळं भिवाजी करायचा. बाई शेजारी बसून वेळ लिहायच्या.

इथे मी थोडा थांबतो. या वाटणीत वाईट काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. एका माणसाने दुसऱ्याच्या लेकराची काळजी केली आणि दुसऱ्याने ती मानून घेतली.

डिसेंबरात पहिली लाल बरणी माझ्यापुढे आली. नळकांड्यात कॅल्शियम नसलेलं पाणी होतं. पांढऱ्या झाकणांची आतडी असल्या पाण्यात तीन-चार मिनिटं आकसायची, मग ओढ मंदावत जायची आणि मी सरळ रेघ ओढू लागायचो. लाल झाकणाचं आतडं थांबेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. मी फिरतोय आणि काडी वरखाली होतेय. बाई उठून उभ्या राहिल्या.

"भिवाजी, पाणी कुठल्या बाटलीतलं घेतलंत?"

"तुमी दिलेल्याच बाटलीतलं. चिठ्ठी बगा."

बाटली बरोबर होती. दुसरं झुरळ लावलं. तेही थांबेना. पांढरं लावलं, चार मिनिटांत थांबलं. पुन्हा लाल, पुन्हा तेच. संध्याकाळी बाईंनी माझ्यावरचा कागद सोडवला, लाखेच्या वॉर्निशमध्ये बुडवला आणि वाळत घातला. तो थेंब थेंब गळत होता आणि त्या समोर स्टुलावर बसून त्याच्याकडे पाहत होत्या. एखाद्या झोपलेल्या मुलाकडे पाहावं तशा.

दुसऱ्या दिवशी त्या खोबऱ्याच्या वड्या घेऊन आल्या. पहिली भिवाजीला दिली.

विभागप्रमुख डॉ. त्र्यंबक कर्णिक हे बाईंचे मार्गदर्शक. कागद उजेडाकडे धरून ते म्हणाले, "टिपणीसबाई, हे पुनःपुन्हा येत असेल तर तुम्ही काहीतरी धरलंय हातात."

पुनःपुन्हा आलं. चार वर्षं आलं. बाईंनी झुरळांचं वय बदललं, जंतूंचं प्रमाण बदललं, पाणी बदललं, काचेची भांडी आम्लाने धुऊन घेतली. आपल्याच निष्कर्षावर त्यांनी जितका संशय घेतला तितका कुणी शत्रूनेही घेतला नसता. बदललं नाही ते एकच, लाल झाकणांचा दोरा बांधणारा हात. आणि तो बदलावा असं मनात तरी का यावं?

बाईंनी आपला तर्क बांधला. शरीरावर जंतूंचा हल्ला झाला की लढणाऱ्या पेशी एखादं द्रव्य सोडत असाव्यात आणि त्यामुळे स्नायू आपला कॅल्शियमचा साठा घट्ट धरून ठेवत असावा. भिवाजीला त्यांनी सांगितलं, "आजारी पडलं की शरीर वाईट दिवसांसाठी घरातलं कुलूप लावून जपून ठेवतं. झुरळसुद्धा."

"झुरलाला पन अक्कल हाय मंग," भिवाजी म्हणाला. "आमच्या भावाला नाय."

एकोणनव्वद साली त्यांचा निबंध एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. बाईंचं नाव, खाली कर्णिकांचं. माझ्या चार रेघाही छापल्या होत्या. माझं नाव नव्हतं, भिवाजीचंही नव्हतं, पण बाईंनी तो अंक त्याच्यापुढे धरला आणि रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही तुमची गाठ." त्याने शर्टाला हात पुसून मग अंक हातात घेतला.

हरिहररावही एकदा आले होते. नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले. "आमच्या सोसायटीत औषध मारायचं असलं की आदल्या दिवशी आम्हाला निरोप येतो," ते भिवाजीला म्हणाले. "टिपणीस, तुमचे पाहुणे घेऊन जा म्हणतात." सगळे हसले. जाताना त्यांनी बाईंना हळूच सांगितलं, की नागपूरची बढती त्यांनी नाकारलीय. बदली झाली असती तर हे काम अर्धवट राहिलं असतं. बाई म्हणाल्या, "अहो, विचारायचं तरी." ते म्हणाले, "विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

प्रबंध द्यायची मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसरी आणि शेवटची एक्क्याण्णवच्या मार्चअखेर. त्यानंतर नोंदणी रद्द. फेब्रुवारीत प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. टंकलेखन चालू होतं. केवळ एक तक्ता पुरा करायचा म्हणून सहा लाल आणि सहा पांढरी झुरळं उरली होती.

नेमका तेव्हा भिवाजी आठ दिवस रजेवर गेला. पुतणीचं लग्न. "हळदीला या बाय," असं चार वेळा बजावून गेला. कोळ्यांची हळद म्हणजे काय असते ते त्याने आम्हाला हातवारे करून दाखवलं होतं.

बाई थांबल्या नाहीत. मुलगी आता पाच वर्षांची होती. त्यांनी लाल बरणी स्वतः उघडली, दोरा स्वतः बांधला. चार मिनिटांनी मी सरळ रेघ ओढली.

बाईंनी काडी तपासली. माझं बटण तपासलं. दुसरं झुरळ लावलं. सरळ रेघ. तिसरं. सरळ रेघ. त्या म्हणाल्या, "जंतू मेलेले दिसतात," आणि नवे जंतू वाढवायला घेतले. आवाज नेहमीचाच होता. पण घरी जाताना माझ्यावर खोळ घालायला विसरल्या.

आठवड्याने भिवाजी परतला. हाताची दहाही बोटं पिवळीधमक. "पोरींनी नुसता माखवला बाय, आंघोलीला पन निघत नाय." व्हरांड्यात जाऊन त्याने तंबाखू मळली, टाळ्या वाजवल्या, आत आला आणि लाल झाकण उघडलं. नव्या जंतूंची झुरळं होती. त्याने गाठ मारली, आतडं पाण्यात सोडलं. मी फिरू लागलो. काडी वरखाली, वरखाली. दहा मिनिटं, वीस मिनिटं.

"बघा," बाई म्हणाल्या. "जंतूच मेले होते आधीचे." त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की माझी काजळी थोडी उडाली.

प्रयोग संपल्यावर त्या आतडं सोडवायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. पांढऱ्या दोऱ्यावर, गाठीच्या जरा वर, एक लाल ठिपका होता.

झुरळाचं रक्त लाल नसतं. पाण्यासारखं असतं.

"भिवाजी, बोट कापलं का तुमचं?"

"नाय तं."

"बघू."

त्याने हात पुढे केला. अंगठा पिवळा होता, पण नखाच्या कडेला आणि बोटाच्या रेषांमध्ये लालबुंद झाला होता. भिवाजीने तो उजेडात धरून पाहिला आणि हसला. "रगत नाय बाय. हलद हाय ती. चुना लागला का लाल होतंय. कुकू नाय का करत तसं?"

हे घरोघरी ठाऊक असतं. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो. बाईंनी ते लहानपणापासून पाहिलं असणार. आणि चुना म्हणजे कॅल्शियम, हे त्या दरवर्षी अकरावीच्या मुलांना शिकवत होत्या.

त्या बराच वेळ तो अंगठा धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भिवाजी, एक पांढऱ्या झाकणाचं बांधून द्या."

"पांडरं तुमचं ना?"

"आज तुम्ही बांधा."

त्याने निरोगी झुरळाचं आतडं बांधलं. मला कुणी विचारलं असतं तर त्या एका दिवसापुरता मी बंद पडलो असतो. पण बटण दाबलं की मी फिरतो. आतडं आकसत राहिलं. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. बाईंनी नळकांड्यातलं थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात ऑक्झलेटचे दोन थेंब टाकले. कॅल्शियम असेल तर पाणी दुधासारखं गढूळ होतं. ते झालं.

"काय झालं बाय?" भिवाजीने विचारलं.

"काही नाही. भांडी धुऊन ठेवा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉ. कर्णिक माझ्या टेबलापाशी बसून सगळं ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"मुदतीला किती दिवस आहेत?"

"सव्वीस."

"मग प्रबंध द्या."

"सर, हे खोटं आहे."

"खोटं तुम्ही केलं नाहीत. रेघा खऱ्या आहेत. उद्या कुणी दुसऱ्याने करून पाहिलं आणि जमलं नाही, तर नाही जमलं. विज्ञानात असं होतं. कोण येतंय भिवाच्या अंगठ्यापर्यंत?"

"मी आले ना."

"टिपणीसबाई, तुम्ही एकेचाळीस वर्षांच्या आहात. पुन्हा नोंदणी, नवा विषय, आणखी सात वर्षं. मी तोवर निवृत्त होईन. तुम्हाला कोण घेणार?"

उत्तर बाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी नियतकालिकाला तीन ओळींचं पत्र लिहिलं आणि निबंध मागे घेतला. 'चूक माझ्या कार्यपद्धतीतली आहे,' एवढंच लिहिलं. प्रबंधाचे टंकलेले कागद माझ्याच टेबलाच्या खणात ठेवले. मार्च संपला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हरिहरराव त्यांना न्यायला आले. खिडकीशी उभे राहून खाडीकडे बघत म्हणाले, "मग नागपूरला जायला हरकत नव्हती."

रागाने म्हणाले नाहीत.

बाईंनी भिवाजीला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्या निबंधावर कर्णिकांचंही नाव होतं आणि त्यांना कुठेतरी खुलासा द्यायचा होता. त्यांनी तो दिला. जून महिन्यात भिवाजी एक इंग्रजीत टंकलेला कागद घेऊन बाईंपाशी आला.

"बाय, हा कागद काय बोलतंय? हापिसान सही करून घेतली माजी. बढतीचा हाय का?"

बाईंनी तो मनातल्या मनात वाचला. मग पुन्हा वाचला.

"वाचा ना मोठ्यानं."

त्यांना खोटं सांगता आलं असतं. भिवाजीने ते मानलंही असतं. पण या बाईंनी नुकतंच एक खोटं टाळायला सगळं सोडलं होतं. दुसरं त्यांच्या तोंडून निघेना.

"मेमो आहे. तुमच्या हाताला तंबाखूचा चुना होता. तो दोऱ्यावरून पाण्यात गेला. त्यामुळे संशोधनाचं नुकसान झालं, असं लिहिलंय."

भिवाजीने आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले.

"कवाधरनं?"

"पहिल्यापासून."

"म्हंजी लाल झाकनांचं समदं?"

"हो."

"चार वर्सं?"

"हो."

"तुमची डिग्री?"

बाईंनी मेमो त्याच्या हातात परत दिला.

"मना आदी का नाय सांगितलं, बाय?"

"मला दिसलं नाही, भिवाजी. तुम्ही बाहेर जाऊन मळायचात, हात झाडायचात, मग आत यायचात. मी रोज बघत होते. चूक माझी आहे."

"तुमची कशी? हात माजा." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी तं तुमाला जंतूंचं नको म्हनून…" त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि भांडी धुवायला गेला. नळ बराच वेळ वाहत होता.

त्या दिवशी त्याने तंबाखू सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन आला आणि बाईंसमोर उभा राहिला. हातांवरून पाणी गळत होतं.

"आज लावायचं का, बाय?"

"आज नको, भिवाजी."

तिसऱ्या दिवशी पुन्हा. "आज?" "आज नको." महिनाभर, दोन महिने. बाईंनी त्याला सांगितलं होतं की आता काम बंद झालंय, नोंदणी गेलीय. तो मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी ओले हात घेऊन यायचा. पुढे विचारणं थांबलं. नुसताच हात दाखवून जायचा. बाई मान वर करून बघायच्या आणि पुन्हा वहीत घालायच्या. त्या हातांकडे बघणं त्यांना किती जड जात होतं ते मी जवळून पाहिलंय. नका दाखवू, असं म्हणणं त्याहून जड असावं.

भिवाजी शहाण्णव साली निवृत्त झाला. निरोपसमारंभात त्याला शाल आणि नारळ मिळाला, असं मी ऐकलं. त्या मेमोमुळे त्याची बढती शेवटपर्यंत अडली होती. दीड वर्षाने तो गेल्याची बातमी आली. बाई त्या दिवशी दोन तास लवकर निघाल्या. कोलशेतला गेल्या असाव्यात.

त्या अजून शिकवतात. प्रात्यक्षिक सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मुलामुलीला हात पुढे करायला लावतात, उलटे, मग सुलटे. मुलं मागे हसतात. "आली रे हात-दाखवा मॅडम," म्हणतात. कुणी मुद्दाम मेंदी लावून येतं. बाई चिडत नाहीत. बघतात, आणि पुढच्या हाताकडे जातात. इतकी वर्षं त्या बघतायत, पण त्यांना कधी काही सापडलेलं नाही.

आता अठ्ठ्याण्णव साल आहे. पलीकडच्या खोलीत संगणक आलाय. त्याच्या पडद्यावर स्नायूची रेघ हिरवी उमटते, काजळी नाही, धूर नाही. मागच्या आठवड्यात बाई बाद वस्तूंची वही घेऊन माझ्यापाशी आल्या. बाद करण्याचं कारण लिहायचं होतं. त्यांनी माझं बटण दाबलं. मी फिरलो. बिघाड काहीच नव्हता. त्या थोडा वेळ मला फिरताना बघत राहिल्या, मग मला बंद केलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'चालू स्थितीत. उपयोग नाही.'

माझ्या जातीच्या वस्तू शेवटी विनवणी करतात, आम्हाला टाकू नका, जपा, पुन्हा वापरा. मी तसं म्हणणार नाही. मी एकही रेघ खोटी ओढली नाही, आणि माझ्या खऱ्या रेघांनी दोन भल्या माणसांची वाट लावली. यात मी काय चुकलो ते मला अजून कळत नाही. कळेल असं आता वाटतही नाही.

भंगारवाला सोमवारी येणार आहे. त्याला माझं एकच सांगणं. पितळ चांगलं आहे माझं, खोट नाही. वितळवा. समई करा, दाराच्या कड्या करा, देवळातली घंटा करा, काहीही करा. माझ्याकडून पुन्हा काही लिहून मात्र घेऊ नका.